आवाज बसला, बाई बसेनात

आमच्या शाळेत बाई पुष्कळ होत्या. पण नुसतं 'बाई' म्हटलं की शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांना एकच बाई कळायच्या, भूगोलाच्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी गणिताचा मास्तर. बाई शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर असत आणि घरी माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत. त्यामुळे झोपेचे तास सोडले तर मी कायम त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात असे.

आणि आवाज तरी कसला! मी फळ्यावर समीकरण मांडत असायचो आणि भिंतीपलीकडून वाळवंटं, ज्वालामुखी, खारे वारे धडाधड येऊन आदळायचे. माझ्या वर्गातली पोरं गणितात गटांगळ्या खात, पण भूगोलात तरून जात. त्याचं कारण त्यांना तो विषय दोनदा ऐकायला मिळतो, एकदा बाईंच्या तासाला आणि एकदा माझ्या, असं मी मोठ्या बाईंना एकदा सांगितलं होतं. त्या हसल्या नाहीत.

बाईंच्या पायाला भिंगरी होती. डबा खायच्या तो शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी उभ्या राहून. पेपर तपासायच्या ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत, हातातल्या पाटीला गठ्ठा टेकवून. वर्गातली खुर्ची त्यांनी नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायला देऊन टाकली होती. "खुर्चीत बसून शिकवणं म्हणजे गादीवर पडून पोहणं," असं म्हणायच्या. शिकवताना त्या बाकांमधून फिरत, मध्येच प्रश्न फेकत, पोरं एकदम दहा उत्तरं ओरडत, बाई त्या गोंगाटाच्या वर आवाज चढवून बरोबर उत्तर शोधून काढत. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत मारामारी चालली आहे.

बाईंच्या घरी सासूबाई होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, पण ते कपाटाच्या खणात. "कानात किडा शिरल्यासारखं होतं," म्हणायच्या. सासू आणि सून दोघींना भांडायला विषय लागायचा नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, टॉवेल कुठे वाळत घालायचे, कोणे एके काळी कुठल्याशा लग्नात कोण कोणाशी आधी बोललं नाही. सासूबाई ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलायच्या, बाई त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने, आणि बाईंचे मिस्टर दोघींच्या मध्ये वर्तमानपत्र उघडून बसायचे. ते एका वाहतूक कंपनीत कारकून होते. शांत माणूस. आमच्या छतातून सगळं ऐकू येई. माझ्या बायकोचं मत होतं की वर भांडण चाललंय तोवर त्या घराची काळजी नाही.

आधी बाईंचा आवाज नुसता खरखरायला लागला. त्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, गोळ्या चघळल्या, आणि आवाज कमी येतोय म्हणून आणखी जोर लावला. "बाई, घशाला जरा विश्रांती द्या," मी म्हणायचो. "देते ना, सुट्टीत," त्या म्हणायच्या. एक दिवस माझ्या तासाला पलीकडचा वारा एकदम पडला. मी खडू हातात धरून थांबलो. पोरंही थांबली. मी जाऊन दारातून पाहिलं तर बाई नकाशावर बोट ठेवून उभ्या होत्या, तोंड उघडं, आणि त्यातून हवेशिवाय काही येत नव्हतं. एक मुलगी पाण्याची बाटली पुढे करत होती. बाई तिच्याकडे बघतही नव्हत्या. त्या बोटाखालच्या नदीकडे बघत होत्या.

स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. शस्त्रक्रिया झाली, मग तोंडाला कुलूप, मग हळूहळू एक बारीक, दोऱ्यासारखा आवाज आला. तो तेवढाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. ओरडणं कायमचं बंद. कुजबुजणंही नको, त्यानेही ताण येतो. सरळ, हळू बोलायचं, समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असल्यासारखं.

"आणि तो हाताच्या अंतरावर नसला तर?" बाईंनी विचारलं होतं.

"तर त्याच्याकडे जायचं," डॉक्टर म्हणाले.

चाळीस पोरांच्या वर्गात प्रत्येकाकडे कोण जाणार? रजा संपली तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. नोकरी सोडायची, नाहीतर जिन्याखालच्या उपकरणांच्या खोलीत काम करायचं, एवढेच दोन रस्ते होते. बाईंनी विचार करायला वेळ मागितला नाही. त्यांना घरी बसणं कल्पनेतसुद्धा जमत नव्हतं.

त्या खोलीत वायरमामांचं राज्य होतं. उंच, वाकलेला माणूस, गळ्यात कायम एखादी वायर. सगळी शाळा त्यांना वायरमामा म्हणायची. वर्गात प्रोजेक्टर लावणं, पडदा खाली ओढणं, सभेच्या खोलीत माइक आणि स्पीकर मांडणं, मग ते सगळं काढून परत आणणं, हे त्यांचं काम. ते सावकाश माणूस होते. एक वायर गुंडाळायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात बाईंनी पूर्वी एक खंड शिकवून संपवला असता.

"बाई, वायर कोपरावर गुंडाळू नका. आतून पिळवटते. एक वळण वरून, एक खालून. हं. परत."

बाई परत करायच्या, घाईने, आणि पुन्हा गाठ पडायची.

सगळ्यात मोठी शिक्षा होती प्रोजेक्टर बंद करण्याची. तास संपला की बटण दाबायचं, पण प्लग काढायचा नाही. आतला दिवा तापलेला असतो. पंखा त्याला गार करतो, तो थांबेपर्यंत आपणही थांबायचं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी पंखा चालू असताना प्लग ओढला. वायरमामा नुसतं प्रोजेक्टरवर हात ठेवून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. त्यानंतर बाई थांबू लागल्या. म्हणजे उभ्या राहून टेबलावर बोटं वाजवायच्या, घड्याळाकडे बघायच्या, दाराकडे बघायच्या, आणि पंखा बंद पडला रे पडला की निघायच्या. आम्ही शिक्षक पुढच्या तासाला वर्गात शिरत असायचो, आणि त्या खांद्यावर वायरी टाकून आमच्या अंगावरून वाऱ्यासारख्या बाहेर पडत असायच्या.

काम त्यांना लवकर आलं. चित्र वर रुंद आणि खाली निमुळतं पडत असेल तर प्रोजेक्टर किती उचलायचा, आवाज घुमत असेल तर स्पीकर कुठे सरकवायचा, हे त्या शिकल्या. पण चित्र लावून झाल्यावर वर्गाबाहेर पडणं त्यांना येईना. खास करून भूगोलाच्या तासाला.

त्यांच्या जागी नव्या बाई आल्या होत्या. तरुण, हसऱ्या, तयारी करून येणाऱ्या. त्या पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायच्या. चांगलं शिकवायच्या. त्यांनी वाईट शिकवलं असतं तर बाईंचा जीव थोडा थंड झाला असता, असं मला वाटतं. बाई पडदा लावून, चित्र नीट करून मागच्या भिंतीपाशी उभ्या राहायच्या. एकदा नव्या बाईंनी प्रश्न विचारला, पोरं गप्प. मागे बाईंचा हात नकळत वर गेला, बोटं हलली, ओठ हलले. पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून पाहिलं. मग त्याच्या शेजारच्याने. मग निम्म्या वर्गाने. आणि बाईंच्या ओठांवरून वाचून त्यांनी एका सुरात उत्तर दिलं.

तास संपल्यावर नव्या बाई उपकरणांच्या खोलीत गेल्या. मी तिथे कंपासपेटी दुरुस्त करून घ्यायला गेलो होतो.

"बाई, रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागे उभ्या राहिलात ना, की मुलं मागे बघतात. मग मी कोणाला शिकवू?"

"बरोबर आहे," बाई त्यांच्या बारीक आवाजात म्हणाल्या. "चुकलं माझं. चित्र लागलं की मी जाईन."

नव्या बाई गेल्यावर त्यांनी एक नीट गुंडाळलेली वायर उचलली, सगळी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. वायरमामांनी माझ्याकडे बघून भुवई वर केली. मी कंपासपेटी तशीच ठेवून निघालो.

घरी तर निराळाच प्रकार. छतातून येणारं भांडण बंद झालं होतं. सुरुवातीला आम्हाला बरं वाटलं. मग माझी बायको रात्री जेवताना वर बघायला लागली. "काहीतरी आपटा तरी म्हणावं," ती म्हणाली.

बाईंना मोठ्याने बोलता येईना, सासूबाईंना हळू बोललेलं ऐकू येईना. मधे बाईंचे मिस्टर. ते आता वर्तमानपत्र बाजूला ठेवून दुभाष्याचं काम करू लागले. बाई त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणायच्या, ते आईच्या कानाशी ओरडायचे. पण ते पडले शांत माणूस. बाई म्हणायच्या, "त्यांना सांगा, माझी ओढणी पायपुसणं म्हणून वापरू नका." ते ओरडायचे, "आई, ती म्हणते, ओढणी धुवायची आहे!" सासूबाई म्हणायच्या, "तिला म्हणावं, एवढी धुणी काढायची तर वेळेवर उठत जा." ते बाईंना सांगायचे, "आई म्हणते, बरं." असं गोड करून करून त्यांनी दोघींचं बोलणं इतकं पातळ केलं की त्यात काही उरेना. आणि दोघींनाही कळत होतं की आपलं बोलणं पलीकडे पोचत नाही.

बाईंनी पाटीवर लिहून बघितलं. सासूबाईंनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणाल्या, "मी काय पहिलीत आहे?"

एक दिवस मी गच्चीवर जायला जिना चढत असताना सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"मास्तर," त्यांनी मला हाक मारली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी. "शाळेत बोलते का हो ती?"

"बोलतात ना आजी. पण हळू."

"काय?"

"हळू! बोलतात!"

"शाळेत बोलते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "घरात भुतासारखी फिरते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. नुसते पाय दिसतात. माझ्याशी अबोला धरलाय तिने. आजार काय, निमित्तच मिळालं."

मी नाही म्हणून मान हलवली, हात हलवले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आत बाई खरंच इकडून तिकडे जात होत्या. हातात काही नव्हतं.

त्याच वर्षी शाळेने कॉलरला लावायचे माइक घेतले. बाईंचं झालेलं बघून बाकीचे शिक्षक धास्तावले होते. जो तो आपला घसा चाचपडत होता. प्रत्येक वर्गात भिंतीवर एक लहान स्पीकर, आणि शिक्षकाच्या कॉलरला चिमटीएवढा माइक. वायरमामांचे गुडघे शिडीवर चढायला कुरकुरत होते, म्हणून शिडीवर बाई चढायच्या आणि वायरमामा खाली उभं राहून सांगायचे. स्पीकरच्या समोर माइक आला की कर्कश शिट्टी वाजायची, सगळे कानावर हात ठेवायचे. मग जागा बदल, कोन बदल, परत वर, परत खाली. आठवडाभर बाई खुश होत्या. त्यांना घटकाभर उसंत नव्हती.

पहिल्या वर्गातलं काम झालं तेव्हा कोणीतरी बोलून बघायला हवं होतं. वायरमामांनी माइक बाईंच्या कॉलरला लावला. मी दारात होतो.

बाई म्हणाल्या, "एक, दोन."

आणि तो दोऱ्याएवढा आवाज सगळ्या रिकाम्या वर्गात पसरला. शेवटच्या बाकापर्यंत, खिडकीच्या काचेपर्यंत. बाईंनी मान वर करून भिंतीकडे बघितलं, जणू तिथे कोणीतरी दुसरीच बोलली. मग पुन्हा म्हणाल्या, "एक, दोन, तीन," आणि हात तोंडावर ठेवला.

बातमी मोठ्या बाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्या स्वतः खाली आल्या. "मग काय बाई! आता वर्गावर यायला काय हरकत? सहावीचे तास तुम्ही घ्या. नव्या बाईंवर भार आहेच." शिक्षकांच्या खोलीत टाळ्या वाजल्या. नव्या बाईंनीही वाजवल्या, मनापासून. मी तर गूळ वाटावा तसा सगळ्यांना सांगत सुटलो.

बाईंनी तयारी केली. पहिल्या दिवशी माझा मोकळा तास होता, म्हणून मी व्हरांड्यात उभा राहून ऐकलं. मला वाटलं होतं, तोच जुना गोंगाट पुन्हा येईल. आला नाही. भिंतीवरून बाईंचा आवाज येत होता, गोड, संथ, रेडिओवर बातम्या सांगतात तसा. पोरं अगदी चिडीचूप. बाई सवयीने बाकांमध्ये शिरल्या, स्पीकरच्या खाली गेल्या आणि शिट्टी वाजली. पोरं दचकली. बाई परत फळ्यापाशी आल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा थबकल्या. जागच्या जागी उभ्या राहून त्यांचा एक पाय सारखा हलत होता. एका पोराने काहीतरी विचारलं, दोघांनी त्याला 'श्श' केलं. बाईंनी त्या दोघांकडे अशा नजरेने बघितलं की मला बाहेर उभं राहवेना.

"कसं झालं?" मी नंतर विचारलं.

"ऐकतात पोरं," बाई म्हणाल्या. कपाळाला घाम होता. "इतकी ऐकतात सर, की मला भीती वाटते. कोणी मधे तोडतच नाही. मी काय बोलतेय ते त्यांना कळतंय की नाही, हे मला कशावरून कळायचं?"

"होईल सवय."

"कोणाला? त्यांना की मला?"

महिनाभर त्यांनी तास घेतले. माइक असूनही त्या जोर लावत होत्या. पोरांना पेटवायचं म्हणून आवाज चढवायला जात आणि तो मध्येच फाटे. घसा पुन्हा दुखू लागला. डॉक्टरांनी झापलं. रात्री वरून पावलांचा आवाज येई, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. माझी बायको म्हणाली, "त्या झोपत नाहीत की काय?" मला काय माहीत. मी बाईंना विचारायचं टाळत होतो. मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो ना.

त्या दिवसांत एकदा संस्थेच्या मंडळींची बैठक होती. बाई आणि वायरमामा सभेची खोली मांडत होते. कपाट उघडलं तर मागे एका पिशवीत एक जुना संच निघाला, एक लहान माइक आणि त्याच्याशी जोडलेला कानावर लावायचा हेडफोन. पूर्वी मंडळावर एक बहिरे गृहस्थ होते, त्यांच्यासाठी आणलेला. ते मंडळ सोडून गेले, संच राहून गेला. एक तार सुटलेली होती. बाई तिथेच जमिनीवर बसल्या, तार जोडली, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि माइकवर नखाने टकटक केलं.

"मामा, हा मी दोन दिवस घरी नेऊ का?"

वायरमामांनी विचार केला. "मोठ्या बाईंना सांगून न्या. पण एक सांगतो. याने ऐकू येईल. पटेल असं नाही."

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा वरून सासूबाईंचा आवाज आला.

"हे काय डोक्यावर? मला काय विमान चालवायचंय?"

मग खुर्ची सरकली. मग काही नाही. मग एकदम, "कोण बोललं?"

मी वस्तरा खाली ठेवला. माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि आम्ही दोघंही छताकडे बघत उभे राहिलो.

बाईंनी कॉलरला माइक लावून पहिलं वाक्य काय म्हटलं ते मला पुढे बाईंच्या मिस्टरांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आई, कालच्या भाजीत मीठ जास्त पडलं होतं." वर्षभर साठवलेल्या बोलण्यातून त्यांना हेच सुचलं.

वरून उत्तर आलं ते आम्ही स्वतः ऐकलं. "मीठ? माझ्या हातचं मीठ? तुझ्या जिभेलाच चव राहिली नाही, गोळ्या चघळून चघळून!"

मग थोडी शांतता. बाई काहीतरी म्हणत असणार. आम्हाला फक्त एकच बाजू ऐकू येत होती.

"अस्सं! आणि खिडकी कोण उघडी टाकतं?"

शांतता.

"खोटं! साफ खोटं! त्या लग्नात मीच आधी बोलले होते!"

आमच्या दाराची कडी वाजली. बाईंचे मिस्टर उभे होते, बनियनवर, पायात चपला नाहीत. आत येऊन खुर्चीवर बसले आणि तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यांचे खांदे हलत होते. माझ्या बायकोने घाबरून पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी मान वर केली तर डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

"भांडताहेत," ते म्हणाले. "चहा आहे का हो थोडा? मला आता तिथे काही काम नाही."

ते चहा पीत असतानाच वरून सासूबाईंचं आणखी एक वाक्य आलं. यावेळी ते ओरडल्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही कान दिला.

"बोलत होतीस तर मग माझ्याजवळ येऊन का नाही बसलीस?"

बाईंच्या मिस्टरांनी पेला खाली ठेवला. वरची पावलं थांबली होती.

सोमवारी शाळेत बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. समोरच्याजवळ जायचं. तुम्हाला माहितीये, मी वर्षभर काय केलं? दारातून जाता जाता बोलायचे. ऐकू आलं नाही की चिडून पुढे. त्यांच्या कानाशी जाऊन दोन मिनिटं बसले असते, तरी ऐकू गेलं असतं. यंत्र कशाला लागलं असतं?"

"मग आता बसता का?"

"बसते." त्या हसल्या. "म्हणजे स्टुलाच्या कडेवर. त्या म्हणतात, 'अर्धी बसलीस, अर्धी कुठे ठेवलीस?' आणि कालपासून त्यांना एक नवीन युक्ती सापडलीये. हरायला लागल्या की हेडफोन काढून ठेवतात."

त्याच दिवशी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या आणि सहावीचे तास परत केले. मोठ्या बाईंना वाईट वाटलं. "बाई, पोरं इतकी शांत बसतात तुमच्या तासाला," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "मला पोरांना गप्प बसवून शिकवता येत नाही. गप्प बसलेली पोरं नव्या बाईंना सांभाळता येतात. त्यांना ती कला आहे. मला गोंगाट लागतो, आणि गोंगाटावर चढायला माझ्याकडे आवाज नाही. मी खूप दिवस हे मान्य करायचं टाळत होते."

बोलताना त्या उभ्याच होत्या. मोठ्या बाई पुढे सांगायच्या की एवढं बोलेपर्यंत बाईंनी टेबलावरचा पृथ्वीचा गोल तीनदा फिरवला, आणि मग तो हाताने थांबवला.

पुढे काय करायचं, हा प्रश्न होताच. आमच्या संस्थेच्या गावोगाव शाळा आहेत, दोन महाविद्यालयं, आणि एक मोठं कार्यालय. तिथेही माइक आणि पडदे लावायचे ठरलं होतं. वायरमामांचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. बैठकीत मोठ्या बाईंनी विचारलं, "कोणी फिरायला तयार..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंचा हात वर होता.

तेव्हापासून संस्थेची गाडी त्यांना सकाळी घेऊन जाते. मागे शिडी, पेट्या, वायरी. कुठे वर्गखोली, कुठे बैठकीची खोली, कुठे सभागृहाच्या नावाखाली एक लांबडा हॉल ज्यात बोललेलं तीनदा ऐकू येतं. त्या जातात, मांडतात, शिक्षकांना कॉलरला माइक लावायला शिकवतात. घसा फाडू नका, म्हणून सांगतात. शिक्षक हो हो म्हणतात आणि माइक खणात टाकून ओरडतात. बाई पुन्हा जातात. चिडतात. घरी आल्यावर सासूबाईंजवळ स्टुलावर बसून सगळं सांगतात, आणि सासूबाई एकेक शिक्षकाचा उद्धार करतात. तेवढं आम्हाला ऐकू येतं.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. रविवारी घरी असल्या की वरून पावलं ऐकू येतात. शाळेत आल्या आणि शेजारच्या वर्गात भूगोलाचा तास चालू असला, की त्या व्हरांड्यातून वेगाने जातात, मान न वळवता. एकदा मी नव्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माहितीये मला. मी दार लावून घेते." मग जरा थांबून म्हणाल्या, "लावू की उघडं ठेवू, सर?"

काल सकाळी त्या जिन्यात भेटल्या. खांद्याला पिशवी, हातात वायरीचं भेंडोळं, छान एक वळण वरून एक खालून घातलेलं.

"आज कुठे?" मी विचारलं.

"एक बैठकीची खोली आहे. त्यांचे अध्यक्ष म्हणे माइक समोर आला की मागे सरकतात. जसजसा माइक पुढे करावा तसतसे मागे. मागच्या बैठकीत भिंतीला टेकले."

"मग काय करणार?"

"बघते. खुर्ची तरी बांधते, नाहीतर अध्यक्ष."

त्या हसल्या आणि हसताना आवाज फाटला. त्यांनी गळ्यावर हात ठेवला, एकदा खाकरल्या.

"बाई, घसा बरा आहे ना?"

"काल जरा जास्त बोलले. त्या हॉलमध्ये." त्यांनी माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघितलं. "चला, गाडी आली असेल."

खाली गाडीचा भोंगा वाजला. बाई दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत गेल्या.